बॅकअप घेतलाय? मग परत आणून दाखवा!

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, अशा दोस्तांसाठी या भागाचं हे लिखित रूप. आजचा विषय नाव ऐकूनच झोप येईल असा आहे: बॅकअप. पण दहा मिनिटं द्या. मी हा धडा फार महागात शिकलेय.

बीटेकच्या शेवटच्या वर्षाला आमचा प्रोजेक्ट होता सोयाबीनच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखायचा. त्यासाठी मी मामाच्या शेतात पूर्ण हंगामभर फोटो काढले, तीन हजारांच्या आसपास. फोनची मेमरी भरली की फोटो लॅपटॉपवर टाकायचे आणि फोनमधून उडवायचे. शिवाय पेन ड्राइव्हवर एक कॉपी. म्हणजे मी स्वतःला फार हुशार समजत होते.

मग एकदा पुण्याहून बार्शीला जाताना एसटीत डोळा लागला, आणि वरच्या रॅकवरची बॅग गेली. लॅपटॉप बॅगेत. पेन ड्राइव्ह? तोही त्याच बॅगेत! कोड मी पंधरा दिवसांत परत लिहिला. पण हंगाम परत कुठून आणणार? शेतात तेव्हा हरभरा उभा होता.

नोकरीला लागल्यावर कळलं, की माझ्यासारख्यांचा हा प्रॉब्लेम सोडवायला पुण्यातच एक कंपनी सुरू झाली होती. तिचं नाव द्रुवा. पण तिच्याआधी व्हेरिटासबद्दल थोडं सांगते.

टेपचा जमाना

१९८३ मध्ये अमेरिकेत टॉलरंट सिस्टिम्स नावाची कंपनी निघाली. बिघाड झाला तरी बंद पडणार नाहीत असे कॉम्प्युटर बनवायचे, हा तिचा धंदा. १९८९ मध्ये तिचं नाव व्हेरिटास झालं आणि तिचा भर सॉफ्टवेअरवर आला. तिचं गाजलेलं प्रॉडक्ट नेटबॅकअप मात्र मूळचं तिचं नव्हे. क्रायस्लर या मोटार कंपनीच्या गरजेसाठी कंट्रोल डेटा या कंपनीने १९८७ मध्ये त्याचं काम सुरू केलं होतं. पुढे ते ओपनव्हिजनकडे गेलं, आणि १९९७ मध्ये ओपनव्हिजनच व्हेरिटासमध्ये विलीन झाली.

तेव्हा कंपनीचा डेटा एका खोलीतल्या सर्व्हरवर असायचा. रात्री त्याची कॉपी टेपवर घ्यायची आणि ती टेप दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवायची. आग लागली तरी टेप शाबूत. साधी गोष्ट, पण मला एसटीत ती सुचली नव्हती!

मग डेटा बॅगेत आला

व्हेरिटासचं पुण्यात मोठं डेव्हलपमेंट सेंटर होतं. २००५ मध्ये सिमँटेकने व्हेरिटास विकत घेतली. २००८ मध्ये, व्हेरिटासमध्ये काम केलेल्या तिघांनी, जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन यांनी, पुण्यात द्रुवा काढली. नाव ध्रुव ताऱ्यावरून. आधी त्यांचं लक्ष वित्तीय कंपन्यांच्या डेटावर होतं. नंतर ते मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपकडे वळले, कारण कामाच्या फाइली आता सर्व्हर सोडून लोकांच्या बॅगेत फिरायला लागल्या होत्या.

पण लॅपटॉपचा बॅकअप म्हणजे डोकेदुखी. लॅपटॉप कधी चालू, कधी बंद. नेट कधी आहे, कधी नाही. आणि हजार लोकांनी रोज सगळ्या फाइली पाठवल्या तर ऑफिसचं नेटच बसेल. इथे कामाला येतं डीडुप्लिकेशन.

ते असं समजा. सकाळी एकच गुड मॉर्निंगचा फोटो तुम्हाला पाच ग्रुपवर येतो. तो पाचदा साठवायचा कशाला? एकदा साठवा, बाकी चार ठिकाणी फक्त ‘तोच तो’ अशी खूण ठेवा. बॅकअप सॉफ्टवेअर फाइलचे छोटे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश काढतं, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक नंबर. मग सर्व्हरला विचारतं, “हा ठसा तुझ्याकडे आहे का?” असेल तर तुकडा पाठवायचाच नाही. द्रुवाच्या इनसिंक या प्रॉडक्टमध्ये ही तपासणी लॅपटॉपवरच व्हायची, त्यामुळे नेटवरून फक्त नवीन तुकडेच जायचे.

पुढे कंपनीने मुख्यालय कॅलिफोर्नियात हलवलं, पण इंजिनिअरिंगचं बरंच काम पुण्यातच राहिलं. बॅकअप साठवायची जागा झाली ॲमेझॉनचं क्लाउड. २०१९ मध्ये १३ कोटी डॉलरची गुंतवणूक आली आणि द्रुवाची किंमत १ अब्ज डॉलरच्या वर गेली. तिकडे व्हेरिटासचा बॅकअपचा धंदा डिसेंबर २०२४ मध्ये कोहेसिटी या कंपनीत विलीन झाला.

चोर आता बॅकअप शोधतो

मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. अशा रॅन्समवेअरवाल्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते: बॅकअप शाबूत असेल तर पैसे कोण देणार? म्हणून ते बॅकअपच आधी उडवायला बघतात. त्यामुळे बॅकअप कंपन्या आता अशी कॉपी ठेवतात, जी ठरलेल्या मुदतीपर्यंत ॲडमिनलाही पुसता येत नाही.

आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे, सिंक आणि बॅकअप एक नव्हे. सिंक आरशासारखं असतं. फोनमधला फोटो उडवला की क्लाउडमधलाही जातो, आणि ट्रॅशमध्ये तो काही दिवसच टिकतो. बॅकअप जुनी कॉपी धरून ठेवतो.

दुसरं, ३-२-१ चा नियम. पीटर क्रोघ या फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. डेटाच्या ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. माझ्या कॉपी दोन होत्या, पण बॅग एकच होती.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: बॅकअप परत आणून बघा. कंपन्यांमध्ये यासाठी ड्रिल होतं. परत आणता न येणारा बॅकअप म्हणजे चावी हरवलेली तिजोरी.

माझ्या प्रोजेक्टचं काय झालं? एका मैत्रिणीला मी नमुना म्हणून ११४ फोटो मेल केले होते. तेवढ्यावरच मॉडेल शिकवलं. बाह्य परीक्षकांनी विचारलं, “डेटा इतका कमी का?” मी खरं ते सांगितलं. मार्क बेताचेच पडले. पण ते ११४ फोटो आज माझ्याकडे तीन ठिकाणी आहेत.

तर आजचा गृहपाठ. गेल्या वर्षीचा एक फोटो निवडा. फोन हरवलाय असं समजा आणि तो फोटो दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर आणून दाखवा. जमलं तर छान. नाही जमलं, तर या रविवारी तेवढं एक काम उरका. भेटू पुढच्या भागात!