जमिनीखालचा वारा

नागपूर जिल्ह्यातली सावनेरची कोळशाची खाण असो की बालाघाटची मँगनीजची, पाळीवर उतरणाऱ्या कामगाराला लागणारी हवा वरूनच धाडावी लागते. जमिनीवरचा अवाढव्य पंखा बहुधा एका वाटेने खाणीतली हवा ओढून काढतो आणि दुसऱ्या वाटेने ताजी हवा आत शिरते. बोगद्यांत भिंती, दारे, कापडी पडदे लावून ती वळवत वळवत कोळसा फुटतो तिथवर न्यायची. काही ठिकाणी पाठोपाठ दोन दारे असतात. पहिले लागल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही, कारण दोन्ही उघडी राहिली तर हवा जवळची वाट धरते आणि पुढची माणसे कोंदटात राहतात.

कोळशातून मिथेन सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

इंग्लंडमधल्या फेलिंग खाणीत १८१२ साली ९२ जण स्फोटात गेले. तीन वर्षांनी हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा बनवला. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे आग बाहेरच्या वायूला लागत नाही. या दिव्याने हवाही तपासता येई. वात बारीक केली की मिथेन असल्यास ज्योतीवर निळसर टोपी चढे. टोपी जितकी उंच, तितका वायू जास्त. विषारी कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ जॉन हाल्डेन यांनी कॅनरी पक्षी सुचवला. ब्रिटिश खाणींत तो १९८६ पर्यंत होता.

आता अनेक खाणींत सेन्सर आले आहेत. कुठल्या बोगद्यात किती माणसे, किती वाहने आहेत, हे ओळखून पंख्यांची गती कमी-जास्त होते. हवेचा प्रवाह २० टक्क्यांनी घटवला तर पंख्याला लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. हा धूर टाळायला कॅनडातल्या बोर्डन सोन्याच्या खाणीत जमिनीखाली बॅटरीवरची वाहने आली. दक्षिण आफ्रिकेतली म्पोनेंग खाण तर सुमारे चार किलोमीटर खोल आहे. तिथला खडक ६० अंशांहून अधिक तापलेला असतो, म्हणून वरून बर्फाचा लगदा खाली सोडतात.

तरीही न्यूझीलंडच्या पाइक रिव्हर खाणीत १९ नोव्हेंबर २०१० रोजी स्फोट झाला. आतल्या ३१ पैकी फक्त दोघे बाहेर आले. चौकशी आयोगाला आढळले, की आधीच्या ४८ दिवसांत मिथेन स्फोटक पातळीला गेल्याच्या २१ नोंदी होत्या आणि त्याहून कमी, पण धोकादायक पातळीच्या आणखी २७. मुख्य पंखा जमिनीखालीच बसवला होता, तो स्फोटात निकामी झाला. वायू मोजला जात होता, आकडे कागदावर उतरत होते आणि काम चालूच होते.

भारतीय नियमांनुसार कोळसा खाणीत माणशी मिनिटाला किमान ६ घनमीटर हवा आणि हवेत किमान १९ टक्के प्राणवायू हवा, मिथेन १.२५ टक्क्यांच्या वर गेला तर वीज तोडायची. मिथेन हलका, छताशी साठणारा. म्हणून पाळी सुरू होण्याआधी तपासणी करणारा मायनिंग सरदार हात उंचावून मीटर छतालगत धरतो. त्याने ‘बंद’ म्हटल्यावर त्या पाळीत कोळसा कमी निघाला, तरी कोणी जाब विचारणार नाही, हे त्याला वरच्यांनी आधीच सांगून ठेवलेले असायला हवे.