होडी पाण्यात लोटण्यापूर्वी

पूल झाले, रस्ते झाले, तरी महाराष्ट्रातील होडीचा उपयोग संपलेला नाही. वसई, धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या कोकणच्या खाड्यांच्या दोन्ही तीरांवरील गावे एकमेकांना डोळ्यांनी दिसतात. परंतु रस्त्याने जावयाचे तर खाडीला मोठा वळसा पडतो. काही ठिकाणी वाहने वाहून नेणारी जंगल जेटी आली, अन्यत्र तरीची लहान होडीच माणसांना पैलतीर दाखविते. घाटमाथ्यावर धरणे बांधली गेली आणि तेथेही नवे जलमार्ग निर्माण झाले. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोली, तापोळा परिसरातील आणि उजनीच्या फुगवट्याकाठी इंदापूर, करमाळा तालुक्यांतील गावांना लाँच व होडी हे दळणवळणाचे साधन ठरले.

या साधनाची किंमत कधीकधी प्राणांनी मोजावी लागते. दि. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव व कळाशी या गावांदरम्यान जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी १८ जानेवारीस बडोद्याच्या हरणी तलावात सहलीस आलेले बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडून मरण पावल्या. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे पर्यटकांची नौका उलटून बावीस जण दगावले. अशा दुर्घटनांनंतर दैवाला दोष देण्याची रीत आहे. तथापि होडीत किती माणसे बसली, त्यांच्या अंगात जीवरक्षक जॅकेटे होती काय, आभाळ पाहून निघावयाचे की थांबावयाचे, या गोष्टी पाण्यात नव्हे तर काठावर ठरतात. म्हणून होडीच्या सुरक्षिततेचा विचार काठावरूनच सुरू झाला पाहिजे.

कायदा काय सांगतो

अंतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठी पूर्वी १९१७ चा कायदा होता. त्याची जागा घेणारा अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ हा २०२२ मध्ये अमलात आला. यंत्रावर चालणाऱ्या नौकेची तपासणी होऊन तिला सर्वेक्षण प्रमाणपत्र मिळावे, तिची नोंदणी व्हावी, नोंदणी क्रमांक नौकेवर ठळकपणे लिहिलेला असावा, चालकाजवळ सक्षमता प्रमाणपत्र असावे आणि नौकेचा विमा उतरविलेला असावा, अशी या अधिनियमाची चौकट आहे. वल्ह्याच्या व शिडाच्या होड्या पूर्वी बहुतांशी नोंदीबाहेर राहत. अशा होड्यांचीही जिल्हा, तालुका व ग्राम पातळीवर नोंद व्हावी, हे तत्त्व या अधिनियमाने स्वीकारले. खाड्या व लहान बंदरे यांच्याबाबत मालकाने महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयाशी संपर्क साधावयाचा असतो. धरणाच्या पाण्यात होडी चालवावयाची असल्यास जलसंपदा विभागाची अनुमती प्रथम पाहावी लागते.

कागदपत्रांकडे अनेक मालक एक कटकट म्हणून पाहतात. वस्तुतः सर्वेक्षण प्रमाणपत्रावर लिहिलेली प्रवासीसंख्या ही त्या होडीची ताकद सांगणारी संख्या असते. तानूरची नौका मूळची मासेमारीची होती; फेरफार करून ती प्रवाशांसाठी वापरली गेली होती. मासेमारीच्या होडीत जाळी व मासळी तळाशी असते. प्रवासी मात्र वर बसतात, उभे राहतात आणि जागा बदलतात. एका कामासाठी बांधलेली होडी दुसऱ्या कामाला नव्या तपासणीवाचून लावणे म्हणूनच धोक्याचे होय.

होडी विकत घेताना

जुनी होडी विकत घ्यावयाची असेल तर ती पाण्यात तरंगत असताना पाहून सौदा करू नये. ती किनाऱ्यावर ओढून, तळ कोरडा करून पाहावी. लाकडी होडीच्या फळ्यांत टोकदार खिळा दाबून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे किंवा खाऱ्या पाण्यातील किडीने पोखरले आहे असे समजावे. फळ्यांच्या सांध्यांतील कापूस व राळ सुटली आहे काय, खिळ्यांभोवती गंजाचे डाग आहेत काय, हे पाहावे. फायबरच्या होडीत केसासारख्या बारीक चिरा, तळाला आलेले फुगवटे आणि जोडांवरचा नवा रंग यांकडे लक्ष द्यावे. नवा रंग पुष्कळदा जुनी दुरुस्ती झाकीत असतो.

यंत्र कितीही चांगले असले तरी होडीत वल्ह्यांची जोडी, नांगर, पुरेसा लांब दोर, पाणी उपसण्याचे भांडे, विजेरी, शिटी आणि प्रत्येक प्रवाशासाठी जीवरक्षक जॅकेट या वस्तू असल्याच पाहिजेत. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट लांब असावा. तोकड्या दोराचा नांगर तळाला धरत नाही, नुसता ओढला जातो. जॅकेटे फळीखाली बांधून ठेवल्याने काही साधत नाही. होडी उलटल्यावर ती काढून घालण्यास कोणालाही वेळ मिळत नाही. ती काठावरच घातली व बांधली गेली पाहिजेत, आणि मुलांसाठी लहान मापाची वेगळी असली पाहिजेत.

भाराचे गणित

‘आणखी चौघे घेतले तर काय बिघडते?’ या प्रश्नाचे उत्तर साध्या गणिताने देता येते. समजा, एखादी होडी पाण्याच्या पातळीवर सुमारे १० चौरस मीटर जागा व्यापते. तिच्यावर १०० किलोग्रॅम भार वाढला की ती सुमारे १ सेंटिमीटर खाली बसते. आठ माणसे जास्त घेतली म्हणजे सुमारे ६०० किलोग्रॅम भार वाढला आणि होडीची कड ६ सेंटिमीटरने पाण्याजवळ आली. संथ पाण्यात हे जाणवत नाही. पण लाट उठली की हेच ६ सेंटिमीटर पाणी आत येणे व न येणे यांतील अंतर ठरतात.

त्याहून घातक गोष्ट म्हणजे तळाशी साचलेले पाणी. याच होडीच्या तळावर सरासरी ३ सेंटिमीटर पाणी साचले तर त्याचे वजन सुमारे ३०० किलोग्रॅम, म्हणजे चार माणसांइतके होते. आणि ही चार माणसे अशी की होडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला ती धावत जातात. म्हणून निघण्यापूर्वी पाणी पूर्णपणे उपसून टाकावे. मनुष्य उभा राहिला की भार वर चढतो आणि होडी अस्थिर होते. थेक्कडी येथे ३० सप्टेंबर २००९ रोजी दुमजली नौका कलंडून पंचेचाळीस पर्यटक मृत्युमुखी पडले. वरच्या मजल्यावरचा आणि एका बाजूला सरकलेला भार किती घातक असतो याचे ते उदाहरण आहे. प्रवाशांनी बसूनच राहावे, सामान तळाशी व मध्यभागी ठेवावे आणि उतरताना एकेकाने उठावे, हा नियम चालकाने प्रत्येक खेपेस सांगितला पाहिजे.

भरती-ओहोटीचे ज्ञान

जलाशयात वारा हा मुख्य शत्रू. खाडीत वाऱ्याबरोबर भरती-ओहोटीचाही विचार करावा लागतो. किनाऱ्यावरील कोळी व नावाडी यांचा एक जुना आडाखा आहे : तिथीच्या पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. हा आडाखा स्थूल आहे, आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. नेमक्या वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची वार्षिक कोष्टके पाहावीत व आपल्या धक्क्यावर किती उशीर होतो याची नोंद ठेवावी.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग असते. उधाणात पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि म्हणून प्रवाहही जोराचा असतो. पाणी सारख्या गतीने चढत नाही. भरतीच्या सहा तासांचा विचार केल्यास एकूण चढाचा बारावा भाग पहिल्या तासात, दोन भाग दुसऱ्यात, तीन-तीन भाग तिसऱ्या व चौथ्यात, दोन पाचव्यात आणि एक सहाव्यात चढतो. एकूण चढ ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, पण तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर पाणी वाढते. भरतीच्या किंवा ओहोटीच्या या मधल्या दोन तासांत प्रवाह सर्वांत वेगवान असतो. भरलेली होडी घेऊन खाडी ओलांडण्यास ही वेळ टाळावी.

अनोळखी खाडीत शक्यतो चढत्या पाण्यात प्रवास करावा. चढत्या पाण्यात होडी वाळूवर रुतली तर थोड्याच वेळात पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढची भरती येईपर्यंत चिखलात बसून राहावे लागते. नदीच्या वळणावर बाहेरच्या बाजूस पाणी खोल असते, आतल्या बाजूस वाळू साचते. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना समुद्रावरून समोरून वारा आला की खाडीच्या मुखाशी लाटा उंच व तुटक होतात. अशा वेळी मुखाकडे न जाणे हेच शहाणपणाचे.

जलाशयातील धोके वेगळे आहेत. तेथे बुडालेली झाडे, घरांच्या भिंती, विहिरींचे काठ पाण्याखाली असतात आणि पाण्याची पातळी महिन्यागणिक बदलते. उजनीचे पाणी उन्हाळ्यात उतरले की पळसदेवचे प्राचीन मंदिर उघडे पडते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. जी मंदिरे व भिंती उघड्या पडत नाहीत त्याच होडीच्या तळाला लागतात. कमी पाण्याच्या दिवसांत अशा जागा हेरून तेथे खुणेच्या काठ्या किंवा तरंगते पिंप बांधावेत. एप्रिल-मेमधील दुपारनंतरचे वळवाचे वादळ अल्पावधीत येते. आकाशात काळा ढग चढताना दिसला, गार वाऱ्याची झुळूक आली, की खेप थांबवावी. मध्यावर असल्यास सर्वांत जवळचा काठ गाठावा, मग तो आपल्या गावाचा नसला तरी चालेल. लाटांना होडीची कूस देऊ नये. नाळ लाटेकडे किंचित तिरकी ठेवून सावकाश चालावे.

पाण्यावरची शिस्त

रस्त्यावर वाहने डाव्या बाजूने जातात. पाण्यावर उजवी बाजू धरावयाची असते. समोरासमोर आलेल्या दोन यंत्रचलित नौकांनी आपापल्या उजवीकडे वळावे. दोन नौका एकमेकींचा मार्ग छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी दिसते तिने थांबून किंवा मागून वाट द्यावी. यंत्राच्या नौकेने वल्ह्याच्या व शिडाच्या होडीला जागा द्यावी आणि धक्क्याजवळ किंवा लहान होडीजवळ वेग कमी करावा. रात्री डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. या दोन रंगांवरून समोरची नौका कोणत्या दिशेने चालली आहे ते कळते. धक्क्याला लागताना प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून यावे, म्हणजे प्रवाहच होडीला आवर घालतो.

देखभाल

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारण्याची आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घालण्याची प्रथा आहे. या प्रथेत देखभालीचे वेळापत्रक आपोआप सांभाळले जाते. होडी ठोकळ्यांवर, जमिनीपासून उंच ठेवावी म्हणजे खालून हवा खेळते. यंत्र उतरवून गोड्या पाण्याने धुवावे, इंधनाची टाकी रिकामी करावी. पुन्हा पाण्यात घालण्यापूर्वी सांधे भरून तळाला तेल किंवा रंग द्यावा व रिकाम्या होडीची एक खेप करून पाहावी. जॅकेटांच्या पट्ट्या व दोर उन्हाने कुजतात. त्यांची पारख त्याच वेळी व्हावी.

पंचायत व शाळा यांचे कार्य

संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत रस्ते व पूल यांच्याबरोबर तर व जलमार्ग यांचाही उल्लेख आहे. गावच्या धक्क्यावर होडीचे नाव, मालक, चालक, प्रवासीसंख्या आणि प्रमाणपत्राची मुदत दर्शविणारा फलक लावणे हे थोड्या खर्चाचे काम आहे. धक्क्यावर एक उंच खांब उभारून वादळाच्या इशाऱ्याच्या दिवशी तांबडा बावटा लावावा आणि बावटा असताना खेप होणार नाही असा ठराव ग्रामसभेने करावा. असा ठराव चालकालाही बळ देतो. घाईत असलेल्या प्रवाशांना एकट्या नावाड्याने नकार देणे कठीण असते. गावाचा नियम म्हणून तो नकार देऊ शकतो. त्या दिवसाचे त्याचे उत्पन्न बुडते याचाही विचार पंचायतीने करावयास हवा, अन्यथा नियम कागदावर राहील.

जेथे विद्यार्थी रोज होडीने शाळेत येतात तेथील शिक्षकांनी जॅकेट घालण्याचा सराव वर्गात करून घ्यावा, मुले होडीत चढताना मोजावीत व उतरताना पुन्हा मोजावीत. वादळी दिवशी उशिरा आलेल्या किंवा न आलेल्या मुलाची गैरहजेरी लावू नये. उशीर होईल या भीतीने मूल भरलेल्या होडीत उडी मारते. सहलीला जाताना होडी भाड्याने घेण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी सर्वेक्षण प्रमाणपत्र स्वतः पाहावे, आणि मुलांची संख्या जास्त असल्यास दोन खेपा कराव्यात. दुसऱ्या खेपेसाठी अर्धा तास अधिक लागेल, इतकेच.