उद्गारांच्या आड दडलेली नावे

आनंद, आश्चर्य, भीती किंवा वेदना यांनी मन एकाएकी हेलावले की वाक्य जुळवायला अवधी नसतो. तोंडून केवळ एक उद्गार निघून जातो. मराठी व्याकरणात अशा शब्दांना केवलप्रयोगी अव्यये म्हणतात. ‘अगबाई’, ‘अरेरे’, ‘छे’, ‘शाब्बास’ हे उद्गार आपण घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत शिकलो. आजची मुले त्यांच्या जोडीला ‘गॉश’, ‘जीझ’, ‘ओ माय गॉड’ हेही सहज उच्चारतात. त्यावर कपाळाला आठ्या घालण्याचे कारण नाही. आपला ‘शाब्बास’ तरी मूळचा कुठला? तो फारसी ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’. तथापि, धनादेश हाती आला की तो कोणाच्या नावे काढला आहे हे प्रथम पाहावे, ही बँकेत अंगवळणी पडलेली शिस्त शब्दांच्या बाबतीतही उपयोगी पडते. कारण इंग्रजीतील पुष्कळसे उद्गार म्हणजे वस्तुतः एखादे नाव असते, आणि तेही मुद्दाम झाकलेले.

बायबलमधील दहा आज्ञांपैकी एक आज्ञा अशी की, ईश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये. परंतु संतापाच्या किंवा आश्चर्याच्या भरात जीभ नेमकी त्याच नावाकडे धाव घेते. मग लोकांनी मधला मार्ग काढला : नाव अर्धे घ्यायचे आणि शेवट बदलायचा. ‘गॉड’चे ‘गॉश’ आणि ‘गॉली’ झाले, ‘जीझस’चे ‘जी’ आणि ‘जीझ’ झाले. ‘झाउंड्स’ हा जुना उद्गार म्हणजे ‘ईश्वराच्या जखमांची शपथ’. क्रुसावरील ख्रिस्ताच्या जखमा त्यात अभिप्रेत आहेत. ‘ब्लायमी’ म्हणजे ‘देव मला आंधळा करो’.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हता. राजा पहिला जेम्स याच्या कारकिर्दीत, 1606 साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदाच केला. रंगभूमीवर थट्टेने किंवा अनादराने ईश्वराचे वा ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यास 10 पौंड दंड ठरला. त्या काळी ही रक्कम जबर होती. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या 1622 मधील छापील प्रतीत ‘झाउंड्स’ आढळतो. 1623 मध्ये निघालेल्या त्याच्या संकलित नाटकांच्या ग्रंथातून मात्र तो गाळलेला दिसतो.

काहींनी दुसऱ्याच देवाचा आश्रय घेतला. ‘बाय जोव्ह’मधील जोव्ह म्हणजे रोमन लोकांचा ज्युपिटर. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते वेदांतील ‘द्यौष्पितृ’ या नावाशी जोडतात. आणि आपण रोज निरोप घेताना म्हणतो तो ‘गुडबाय’? ‘ईश्वर तुमच्यासोबत असो’ या अर्थाच्या संपूर्ण इंग्रजी वाक्याचा तो झिजून उरलेला अवशेष आहे. ‘बाय’ म्हणताना त्या आशीर्वादाची अखेरची दोन अक्षरे तेवढी आपण उच्चारतो.

कधी नामसाम्यामुळे भलत्याच माणसाला श्रेय जाते. ‘व्हॉट द डिकन्स’ या उद्गाराचा कादंबरीकार चार्ल्स डिकन्सशी काहीही संबंध नाही. त्यांचा जन्म 1812 चा, आणि हा उद्गार 1616 मध्ये निवर्तलेल्या शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकातच आहे. तेथे ‘डिकन्स’ हे सैतानाचे नाव टाळण्यासाठी योजलेले सोज्वळ रूप आहे. याउलट ‘गॉर्डन बेनेट!’ या ब्रिटिश उद्गारातील गृहस्थ खरोखर होऊन गेले. जेम्स गॉर्डन बेनेट (1841-1918) हे ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चे मालक, आफ्रिकेत लिव्हिंगस्टनच्या शोधार्थ स्टॅन्ले यांना पाठविणारे ते हेच. ‘गॉर ब्लायमी’ म्हणता म्हणता जीभ आवरली आणि त्याच सुरुवातीचे हे नाव पुढे करून वेळ निभावली, असा या उद्गाराचा उलगडा केला जातो.

संकटात सापडलेला वैमानिक ‘मेडे’ असे तीनदा पुकारतो. त्याचा 1 मेच्या कामगार दिनाशी संबंध नाही. 1920 च्या दशकात लंडनजवळील क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी जुळणारा हा संकेत सुचविला.

या सर्वांत अंतर्मुख करणारे उदाहरण आपल्याच देशातील आहे. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी हिंदुस्थानातून इंग्रजांच्या बोलण्यात गेलेल्या शब्दांचा प्रसिद्ध कोश रचला. तो 1886 मध्ये निघाला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. हे दोन इंग्रज भागीदार वाटावेत! प्रत्यक्षात मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत केलेला ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानी पडला आणि त्यांच्या तोंडी त्याचे असे रूपांतर झाले. परका शब्द आपल्या उच्चाराच्या साच्यात बसविण्याच्या प्रवृत्तीलाच पुढे भाषाशास्त्रात ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ म्हणू लागले. नियम म्हणून तो निर्दोष आहे. आपणही इंग्रजांच्या फौजी शब्दाची ‘पलटण’ केलीच. परंतु पलटण हा कोणाचा शोक नव्हता. एका समाजाने श्रद्धेय व्यक्तींसाठी केलेला विलाप दुसऱ्याच्या कानाला निव्वळ गमतीदार नावांची जोडी वाटावा, यातील वेदना विसरता येत नाही.

म्हणूनच घरातील मुलांना हे शब्द वर्ज्य करण्यापेक्षा त्यांचे अर्थ सांगावेत. हातातून पेन्सिल पडली म्हणून ‘जीझस ख्राइस्ट’ म्हणणाऱ्या मुलाच्या मनात अनादर नसतो. पण शेजारच्या ख्रिस्ती आजींसाठी ते नाव प्रार्थनेतले असते. आपल्या आराध्याचे नाव कोणी असे उधळले तर आपल्याला काय वाटेल, एवढा एक प्रश्न मुलांना पुरेसा असतो. आश्चर्य व्यक्त करायला ‘अगबाई’ आहे, हळहळायला ‘अरेरे’ आहे, आणि उत्तर बरोबर आले तर पाठ थोपटायला, इराणातून येऊन आपलाच झालेला ‘शाब्बास’ही आहे.