धुतलं कुणी?

आमच्या किकवीहून स्वारगेटची एसटी धरून माझी लेक पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकायला जाते. संध्याकाळी आली की वही माझ्या हातात. ‘आई, मी म्हणते, तू बघ.’ भाकऱ्या थापता थापता बघून बघून मलाही थोडं यायला लागलं.

परवा धडा होता भूतकाळाचा. ‘लाबार’ म्हणजे धुणे. शेवटचा ‘आर’ काढायचा आणि प्रत्यय लावायचे. मी धुतलं – लाबे. तू धुतलंस – लाबास्ते. त्यानं किंवा तिनं धुतलं – लाबो. आम्ही – लाबामोस. त्यांनी – लाबारोन. झाडण्याचं ‘बार्रेर’ आणि लिहिण्याचं ‘एस्क्रिबिर’ मात्र एकाच साच्यातले: बार्री, बार्रिस्ते, बार्रिओ, एस्क्रिबी, एस्क्रिबिस्ते, एस्क्रिबिओ. म्हणजे तीन गटांना पाठांतर दोनच. आणि हा काळ एकदा होऊन संपलेल्या कामाचा. ‘लहानपणी आम्ही ओढ्यावर धुवायचो’ म्हणायचं तर प्रत्यय वेगळे. आपल्यालाही ‘धुतलं’ आणि ‘धुवायचो’ यातला फरक कळतोच की!

लेक म्हणाली, ‘आता तू काल काय काय केलंस ते लिही.’ मी मोठ्या उत्साहानं लिहिलं. कपडे धुतले, अंगण झाडलं, स्वयंपाक केला. तिनं वाचलं आणि हसत सुटली. ‘आई, सगळीकडे लाबो, बार्रिओ लिहिलंयस. हे सगळं बाबांनी केलं?’ हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, ‘असू दे, असू दे!’

हसले मीही. पण रात्री भांडी घासताना तेच डोक्यात. मराठीत ‘मी भाकरी केली’ म्हटलं काय, ‘तिनं भाकरी केली’ म्हटलं काय, ‘केली’ तेच. क्रियापद चालतं भाकरीच्या मागे. आणि आपण बायका तर ‘मी’सुद्धा गाळतो. ‘भाकरी झाली, या जेवायला.’ ‘धुणं झालं.’ जणू आपोआपच झालं! स्पॅनिशमध्ये ‘मी’ बोलायची गरजच नसते, कारण करणारी प्रत्ययातच बसलेली असते. नुसतं ‘लाबे’ म्हटलं की धुणारी मीच. आघात मात्र शेवटच्या अक्षरावर हवा. ‘लाबो’ म्हणताना जोर ‘ला’वर दिला तर ‘मी धुते’, ‘बो’वर दिला तर ‘त्यानं धुतलं’. लिहिताना त्या ‘ओ’वर एक बारीक तिरकी रेघ. तेवढ्या रेघेनं माझं काम दुसऱ्याच्या खात्यावर!

बँकेच्या फॉर्मवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे मी आजवर ‘काही नाही’ असंच लिहीत आले. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. माझं मीच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वही मागून घेतली. सगळे ‘ओ’ खोडले आणि एकेक दुरुस्त केला. लाबे. बार्री. खाली एक ओळ माझ्या मनानं घातली – एस्क्रिबी. मी लिहिलं.

लेकीनं दहापैकी दहा दिले. यांना म्हटलं, ‘आज चहा तुम्ही करा. तुमच्या नावापुढेही एक खरा ‘ओ’ येऊ दे.’