सुटीत उभी गाडी आणि तिची बॅटरी





शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली की सुरतेतील आपल्या वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतील कुटुंबे ताप्ती लाईनच्या रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावकडे आपापल्या गावी जातात. लग्नसराई असते, मुलांना आजी-आजोबांकडे राहायचे असते. पूर्वी मागे फक्त कुलूप लावलेले घर राहत असे. आता बऱ्याच घरांची चारचाकीही सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनाभर उभी राहते. जूनमध्ये परत आल्यावर चावी फिरवली की इंजिनाऐवजी नुसता 'टक-टक' आवाज येतो. मग मेकॅनिकची शोधाशोध, आणि बऱ्याचदा नव्या बॅटरीसाठी चार-पाच हजारांचा खर्च.

"गाडी तर वापरलीच नाही, मग बॅटरी उतरली कशी?" असा प्रश्न पालक नेहमी विचारतात. उत्तर असे की गाडी वापरली नाही, म्हणूनच ती उतरली. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली. ती २५ मार्चपासून ३१ मेपर्यंत, म्हणजे ६८ दिवस चालली. त्या काळात ज्यांच्या गाड्या दारात उभ्या होत्या, त्यांच्यापैकी अनेकांना हा अनुभव आला. यामागचे विज्ञान सोपे आहे आणि आपल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना समजेल असे आहे.

बॅटरीच्या आत काय असते?

गाडीची नेहमीची बॅटरी शिसे आणि आम्ल यांची असते. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तिचा शोध लावला. तिच्यात सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा सुमारे दोन व्होल्ट देतो, म्हणून आपण तिला १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या पट्ट्या पातळ सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात. वीज बाहेर जाऊ लागली की दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पाणचट होते. चार्जिंग करताना हीच क्रिया उलटी होते. थर विरघळतो आणि आम्ल पुन्हा तेज होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. लेड सल्फेटचा ताजा थर बारीक कणांचा असतो आणि तो सहज विरघळतो. परंतु बॅटरी बरेच दिवस उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर त्याच कणांचे मोठे, कडक स्फटिक बनतात. नंतर कितीही चार्जिंग केले तरी ते पूर्ण विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. याला सल्फेशन म्हणतात. बॅटरीला वीज देण्याने जेवढा धोका नसतो, तेवढा रिकामी होऊन पडून राहण्याने असतो.

उभ्या गाडीचा हिशेब

चावी काढली म्हणजे गाडीतील सर्व वीज बंद झाली, असे आपण समजतो. प्रत्यक्षात घड्याळ, चोरीचा अलार्म, रिमोट लॉकचा रिसीव्हर आणि इंजिनाच्या संगणकाची स्मृती ही सर्व थोडी थोडी वीज घेतच असतात. घरातील नळ थेंब थेंब टपकत राहावा, तसे हे आहे. चांगल्या स्थितीतील गाडीत हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. नंतर बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर असेल तर तो आणखी वाढतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता वही काढा. आपल्या गाडीत ४० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०४ अँपिअर प्रवाह सतत वाहतो असे धरू. दिवसाचे तास २४.

०.०४ × २४ = ०.९६ अँपिअर-तास.

म्हणजे रोज जवळपास एक अँपिअर-तास. बऱ्याच लहान गाड्यांची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, आणि आपली उन्हाळ्याची सुटी ३५ दिवसांची. ०.९६ ला ३५ ने गुणले तर ३३.६ येतात. सुटी संपते आणि बॅटरीही संपते. दिवाळीची २१ दिवसांची सुटी घेतली तरी २० अँपिअर-तास खर्च होतात. बॅटरी निम्म्याच्या खाली जाते आणि जुनी असेल तर गाडी तेव्हाच नकार देते.

यात सुरतच्या उन्हाची भर पडते. तारा काढून ठेवल्या तरी बॅटरी आतल्या आत थोडी उतरत असते. तापमान १० अंशांनी वाढले की हे उतरणे साधारण दुप्पट होते. थंड देशांत हिवाळ्याच्या सकाळी बॅटरी दगा देते, म्हणून लोक थंडीला दोष देतात. पण बॅटरीचे आयुष्य अधिक घटते ते उष्णतेने. म्हणून उन्हात उभ्या गाडीपेक्षा सावलीत उभ्या गाडीची बॅटरी जास्त टिकते.

शेजाऱ्याने रोज पाच मिनिटे सुरू करावी का?

आपल्याकडे शेजाऱ्याकडे किंवा वॉचमनकडे चावी देऊन "रोज पाच मिनिटे चालू करत जा" असे सांगण्याची पद्धत आहे. हेतू चांगला आहे, पण उपयोग कमी. उभ्या गाडीचे इंजिन मंद फिरते, त्यामुळे अल्टरनेटर कमी वीज बनवतो. पाच मिनिटे १० अँपिअर मिळाले तरी ते ०.८ अँपिअर-तास होतात. त्यातून सेल्फने खर्च केलेले वजा करा. दिवसाचा टपकणारा नळसुद्धा पुरता भरून निघत नाही. त्यात एसी किंवा दिवे चालू असतील तर उलट तोटाच. शिवाय इंजिन पूर्ण तापत नाही आणि त्यात तयार झालेली वाफ तेलात व सायलेन्सरमध्ये पाणी होऊन राहते.

याहून मोठा धोका जिवाचा आहे. बंद तळघरात किंवा शटर लावलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोप आल्यासारखे वाटते आणि माणूस बेशुद्ध पडतो. मुलांना गाडीत बसवून पार्किंगमध्ये एसी चालू ठेवण्याचा प्रकार कोणीही करू नये.

मग काय करावे?

पहिला उपाय, गाडी चालवणे. शहरातच असाल आणि गाडी क्वचित लागत असेल, तर आठवड्यातून एकदा सलग ४५ मिनिटे ती चालवावी. आठवड्याचा खर्च सुमारे ६.७ अँपिअर-तास होतो. बॅटरीला सरासरी १० अँपिअर मिळाले तर ४५ मिनिटांत ७.५ भरून निघतात. डुमसपर्यंत जाऊन आलात तरी काम झाले. दुकानापर्यंत दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या मारून हे साधत नाही.

दुसरा उपाय, तार काढणे. महिनाभर गावी जायचे असेल तर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. यासाठी एक पाना पुरतो. आधी गाडी थोडी लांब चालवून बॅटरी पूर्ण भरावी. मग बॅटरीची उणे, म्हणजे काळी तार काढावी आणि ती टर्मिनलला पुन्हा लागणार नाही अशी बाजूला कापडात गुंडाळून ठेवावी. अशा बॅटरीतून ३५ दिवसांत सुरतच्या उन्हातसुद्धा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे तीन-चार अँपिअर-तासच कमी होतात. तेहतीस कुठे आणि तीन-चार कुठे!

उणे तारच आधी का? गाडीचा सर्व लोखंडी सांगाडा उणे टोकाला जोडलेला असतो. अधिक टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागला तर मोठी ठिणगी उडते. उणे तार आधी काढली की हा मार्गच तुटतो. परत जोडताना उणे तार सर्वांत शेवटी. तार काढल्यावर घड्याळ, रेडिओ पुन्हा लावावे लागतात आणि अलार्म बंद राहतो. चावी हातातच ठेवावी, गाडीत नाही. काही नव्या गाड्यांत तार काढण्यापूर्वी विशेष सूचना असतात, म्हणून गाडीसोबत मिळालेले पुस्तक आधी वाचावे.

तिसरा उपाय, देखभाल चार्जर. पार्किंगमध्ये सुरक्षित प्लग असेल तर स्वयंचलित चार्जर लावता येतो. तो आधी बॅटरी पूर्ण भरतो आणि मग सुमारे साडेतेरा व्होल्टवर तिला नुसती टिकवून ठेवतो. साधा जुना चार्जर असा दिवसेंदिवस लावून ठेवू नये. तो थांबत नाही आणि आतले पाणी उकळवून टाकतो. घर बंद करून महिनाभर गावी जाताना मात्र कोणतेही विजेचे उपकरण मागे चालू ठेवण्यापेक्षा दुसरा उपायच बरा.

बॅटरी किती भरली आहे हे पाहायला मल्टीमीटर पुरतो. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर मोजावे. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे ताबडतोब चार्ज करावी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसावे. ते दिसत नसेल तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा असू शकतो. नवी बॅटरी घेण्याआधी ही तपासणी जरूर करावी.

स्कूटर-मोटारसायकललाही हेच नियम लागू आहेत. तिथे बॅटरी फार लहान असते, त्यामुळे ती आणखी लवकर उतरते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही दिवे, लॉक यांच्यासाठी बहुधा १२ व्होल्टची वेगळी लहान बॅटरी असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

काळजीच्या गोष्टी

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून बॅटरीजवळ विडी, काडेपेटी, अगरबत्ती नको. आतले आम्ल कातडी आणि डोळे भाजते. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर निदान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. झाकणे असलेल्या बॅटरीत पातळी कमी झाली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाच्या पाण्यातील क्षार पट्ट्या खराब करतात. आपल्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. दोन्ही तारा काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती पुसावी. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून तारा जोडाव्यात आणि वरून व्हॅसलीन लावावे. ही कामे मोठ्यांनी करावीत. विद्यार्थ्यांनी शेजारी उभे राहून मल्टीमीटरचे आकडे वाचावेत.

जुनी बॅटरी कोठे द्यावी?

मला शाळेच्या वतीने सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. बॅटरीच्या वजनातील निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. जुनी बॅटरी कोणाही भंगारवाल्याला दिली तर पुष्कळदा आम्ल गटारीत ओतले जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते. त्याचा धूर आणि धूळ वस्तीतच राहते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. लक्ष लागत नाही, शिकण्याची क्षमता घटते. शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करण्याइतके आहे, आणि घातक रीतीने तोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या हे त्याचे एक मोठे कारण सांगितले आहे.

वर्गात एखादे मूल मागे पडते तेव्हा आपण अभ्यासाला, मोबाइलला दोष देतो. हवेतल्या आणि मातीतल्या शिशाकडे आपले लक्ष जात नाही. आपल्या देशात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच विक्रेत्याकडे द्यावी. किमतीत सूटही मिळते. भंगारवाला शंभर रुपये जास्त देत असेल, तर त्या शंभर रुपयांची किंमत कोणाचे मूल देते याचा विचार करावा. आणि जी बॅटरी दोन वर्षांऐवजी चार वर्षे टिकते, ती तेवढे शिसे भट्टीपासून दूर ठेवते.

शेवटी आणखी एक. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला, हे येथील जुन्या लोकांना विसरता येणार नाही. क्वचित चालणारी गाडी आपण अशाच अडीअडचणीसाठी ठेवतो. तळघरातून ती वेळेवर वर काढायची असो की मध्यरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे असो, त्या वेळी ती सुरू झाली पाहिजे.

म्हणून सुटीला निघण्याआधी गॅस, नळ, कुलूप यांच्यासोबत एक गोष्ट यादीत वाढवा, ती म्हणजे गाडीची उणे तार. परत आल्यावर ती जोडा, आणि मुलाला वेळेवर शाळेत सोडा.

सर्वांना सुटीच्या शुभेच्छा.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक