कारागीर आणि करारपत्र

वस्तू घडवणारा आणि ती विकत घेणारा यांच्यामध्ये बाजारपेठ उभी असते, ही गोष्ट जुनीच आहे. पेठेत गाळा हवा असेल तर भाडे द्यावे लागते आणि तेथील नियमही पाळावे लागतात. त्यात कोणाला अन्याय वाटत नाही. कारण एका पेठेत जमले नाही, तर दुसरी मोकळी असते. परंतु गिऱ्हाइकापर्यंत जाणारी वाटच जर एका पेठेतून जात असेल, आणि तिच्या दाराची किल्ली एकाच मालकाच्या कमरेला असेल, तर भाडेपट्ट्याचा हुकूमनामा होतो. फोनवर चालणाऱ्या आज्ञावली, म्हणजेच ज्यांना आता सर्वत्र ‘ॲप’ म्हणतात त्या, रचणाऱ्या कारागिरांची अडचण नेमकी हीच आहे.

ॲपल या अमेरिकन कंपनीने जुलै २००८ मध्ये आपल्या आयफोनसाठी ‘ॲप स्टोअर’ नावाचे दुकान उघडले. त्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तोपर्यंत एखाद्या होतकरू आज्ञावलीकाराला आपली कृती जगापुढे मांडायची तर वितरक, जाहिरात आणि पैशांची वसुली असे अनेक डोंगर ओलांडावे लागत. आता एका खोलीत बसून काम करणाऱ्या तरुणालाही देशोदेशीचे गिऱ्हाईक लाभू लागले. विक्रीच्या १०० रुपयांतील ३० रुपये दुकानाचे आणि ७० रचनाकाराचे, असा प्रारंभीचा हिशेब होता. मात्र आयफोनसाठी रचलेले ॲप सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवायचे तर ते याच दुकानातून पोहोचवावे, अशी अट होती. आणि दुकानात शिरण्यापूर्वी एका करारपत्रावर सही करणे भाग होते.

त्या करारात काय लिहिले आहे, हे बराच काळ उघडपणे बोलले जात नव्हते. कारण कराराविषयी जाहीर वक्तव्य करण्यास त्या करारानेच मनाई केली होती. ही कोंडी फुटली ती मोठ्या चतुराईने. अमेरिकेची अंतराळसंस्था ‘नासा’ हिनेही आयफोनसाठी ॲप काढले होते व त्यासाठी या करारावर सही केली होती. नासा पडली सरकारी संस्था. तेव्हा नागरिकांच्या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याचा आधार घेऊन तिच्याकडून कराराची प्रत मिळवली आणि मार्च २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. सारे नियम पाळूनही एखादे ॲप नाकारण्याचा, आणि स्वीकारलेले ॲपही पुढे केव्हाही काढून टाकण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला होता. उलट कंपनीमुळे रचनाकाराचे कितीही नुकसान झाले, तरी तिची जबाबदारी ५० डॉलरांपलीकडे जाणार नव्हती.

अशा अटींचा परिणाम केवळ मिळकतीवर होत नाही. खुद्द कामाची रीत त्यांच्यामुळे बदलते. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने करारात एक नवे कलम घातले. ॲप मुळातच ठरावीक संगणकीय भाषांत लिहिलेले असले पाहिजे. दुसऱ्या साधनाने रचून मग आयफोनसाठी रूपांतरित केलेले चालणार नाही, असा त्याचा आशय होता. ॲडोब कंपनीचे असेच एक रूपांतराचे साधन त्याच महिन्यात बाजारात येत होते. मधल्या साधनामुळे ॲपचा दर्जा घसरतो, असे ॲपलचे म्हणणे होते. सप्टेंबर २०१० मध्ये ही अट सैल करण्यात आली. पण पाथरवटाने कोणती छिन्नी वापरावी हेही पेठेचा मालक ठरवू शकतो, हे मधल्या पाच महिन्यांत सर्वांना कळून चुकले.

याहूनही बोधप्रद कथा आहे ‘व्हीएलसी’ या चलच्चित्रे दाखवणाऱ्या आज्ञावलीची. पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून ती जन्मली आणि अनेक देशांतील स्वयंसेवकांच्या श्रमांवर वाढली. तिचा परवाना होता ‘जनरल पब्लिक लायसन्स’. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये प्रथम सिद्ध केलेल्या या परवान्याचे तत्त्व असे, की आज्ञावली ज्याला मिळाली त्याने ती तपासावी, बदलावी, इतरांना द्यावी. मात्र पुढच्याच्या स्वातंत्र्यावर नवे निर्बंध लादू नयेत. ॲप स्टोअरचे नियम तर असे निर्बंध लादणारेच होते. व्हीएलसीच्या एका रचनाकारानेच हा विरोध दाखवून तक्रार केली आणि जानेवारी २०११ मध्ये ती आज्ञावली दुकानातून दिसेनाशी झाली. ती परत आली जुलै २०१३ मध्ये. पण तत्पूर्वी तिच्या अनेक लेखकांना गाठून, त्यांची संमती घेऊन परवाना बदलावा लागला. फुकट वाटण्यासाठी केलेल्या वस्तूलाही दुकानाच्या मापाने आपले अंग आकसून घ्यावे लागले.

भारतातील बहुसंख्य फोन गूगलच्या ॲन्ड्रॉइड प्रणालीवर चालतात. तेथे अन्य मार्गाने ॲप घेण्याची सोय आहे. तथापि बहुतेकांची पावले ‘गूगल प्ले’ या दुकानाकडेच वळतात. रचनाकारांवर आपलीच देयक-पद्धती लादल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो २१६.६९ कोटींवर आणला. दरम्यान, १ मार्च २०२४ रोजी सेवाशुल्काच्या वादावरून भारत मॅट्रिमोनी, नोकरी इत्यादी ॲप गूगलने दुकानातून काढून टाकली. या कंपन्या शुल्क देत नाहीत, ही गूगलची तक्रार होती. सरकारने मध्यस्थी केल्यावर काही दिवसांत ती परतली. ज्यांचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचतो त्यांचे निभावले. ज्याच्यामागे कोणी नाही, अशा एकट्या रचनाकाराने कोणाकडे दाद मागावी?

दुकानदाराने माल पारखू नये, असे कोणीही म्हणणार नाही. फसव्या आणि घातक आज्ञावलींपासून ग्राहकाचे रक्षण व्हावयास हवे, आणि त्या सेवेचे मोलही मिळावयास हवे. परंतु संमतीला अर्थ येतो तो नकाराची मुभा असेल तरच. युरोपीय संघाने हेच ओळखून कायदा केला आणि त्यामुळे मार्च २०२४ पासून तेथे आयफोनवर इतर दुकानांना वाव द्यावा लागला. अर्थात ॲपलने त्यासाठीही नव्या अटी घातल्या. दार रुंद झाले म्हणजे पहारा उठला, असे नव्हे. म्हणून दुसरी पेठ खुली असणे जितके आवश्यक, तितकेच अटी उघड असणे, नकाराचे कारण सांगितले जाणे आणि त्यावर त्रयस्थाकडे दाद मागता येणे आवश्यक आहे. एवढे झाले, तरच करारपत्रावरील कारागिराची सही ही खरोखर त्याची स्वतःची सही ठरेल.