बियाण्याचा दोडका तोडायचा नसतो!

परसात दोडका लावणाऱ्यांनो, एक गोष्ट सांगतो. वेलावरचा सगळ्यात देखणा, निरोगी दोडका भाजीसाठी तोडू नका. जुन्या शेतकरणी त्याला चिंधी बांधून ठेवतात, म्हणजे घरातलं कुणी चुकून खुडत नाही. तो वेलावरच वाळतो. हलवला की आत बिया खुळखुळतात, मग काढायचा आणि चुलीवरच्या धुरात टांगायचा. कीड फिरकत नाही. काकडी-भोपळ्याच्या बिया राखेत घोळवून शेणाबरोबर भिंतीवर थापायच्या. पावसाळा आला की खरवडून थेट आळ्यात!

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावरान बियाणं जपलं, वाल-घेवड्याचे तर कितीतरी वाण. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली.

संकरित वाणाचं बी मात्र असं धरू नका, पुढच्या पिढीत फळ सारखं येत नाही. (मी धरलं होतं. असो.)

तुमच्या आजीकडे बियाण्याचं गाठोडं असेल, तर या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसून ते सोडा आणि कमेंटमध्ये वाणांची नावं लिहा.